दुसऱ्याने केलेली रूट कॅनल, आत राहिलेला तुकडा आणि पेशंटला काय सांगायचं: एक केस

डेंटिस्ट मंडळींत प्रोफेशनॅलिझमचा विषय निघाला की गाडी बहुतेक वेळा स्टरलायझेशन, फी, जाहिरातबाजी, रेफरलचं कमिशन यावरच फिरत राहते, आणि ते सगळं महत्त्वाचं आहेच, त्यात वाद नाही. पण मला विचाराल तर रोजच्या प्रॅक्टिसमधली सगळ्यात अवघड जागा वेगळी आहे. दुसऱ्या डॉक्टरने केलेलं काम आपल्या खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडात बिघडलेलं दिसतं, पेशंटला त्याचा पत्ताच नसतो, आणि आता बोलायची पाळी आपली असते. काय बोलायचं, किती बोलायचं, कोणाजवळ बोलायचं. ही केस त्यावरच आहे. पेशंटची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख लागू नये म्हणून वय, गाव वगैरे थोडं बदललंय, दाढेचा तपशील मात्र आहे तसा ठेवलाय.

पेशंट

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या एका गावातल्या ताई, वय 45 च्या आसपास. हर्णै बंदरावर लिलावात मासे घ्यायचे आणि आतल्या गावांत नेऊन विकायचे हा त्यांचा धंदा, नवरा बोटीवर तांडेल. आल्या त्या जूनमधे, भर पावसात. किनाऱ्यावर प्रॅक्टिस करणाऱ्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हाच बंदरावरची माणसं स्वतःच्या दुखण्याकडे बघतात, ऑगस्टमधे बोटी सुटल्या की मग कोणाला बोलावून येणं होत नाही, ज्या ट्रीटमेंटला दोन महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागतो ती अर्धवट पडते. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येतो.

तक्रार अशी की डावीकडच्या खालच्या दाढेने चावलं की कळ येते, हिरडीवर एक पुळी धरते, फुटते, तोंडात खारट पाणी येतं, आठ-दहा दिवस बरं वाटतं, की पुन्हा धरते. त्यांचा पहिला प्रश्नच नेमका होता. "मॅडम, या दाढेची नस काढलीय ना, मग ही ठणकते कशी?"

नस काढून म्हणजे रूट कॅनल होऊन दीडएक वर्ष झालेलं. तालुक्याच्या बाहेर, माहेराजवळच्या एका सीनियर डॉक्टरांकडे केलेली. ते डॉक्टर मला नावाने माहीत होते, चांगलं काम करणारे म्हणूनच माहीत होते. ताई मिश्री लावतात हेही हिस्ट्रीत आलं, त्यामुळे आधी गाल, जीभ, जिभेखालची जागा नीट बघितली. पांढरा चट्टा, न भरणारी जखम असलं काही नव्हतं. (हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि कोकणात तरी दुखणाऱ्या दाढेसाठी आलेल्या प्रत्येक मिश्रीवाल्या बाईचं हे बघायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.)

तपासणीत काय सापडलं

दाढ म्हणजे आमच्या नंबरिंगमधली 36, खालची पहिली मोठी दाढ. वर कॅप नाही. रूट कॅनल झाल्यावर भरलेल्या सिमेंटचा मागचा अर्धा भाग तुटून गेलेला, त्या बाजूची दाढेची भिंतही गेलेली आणि आतलं गुलाबी गटा पर्चा (मुळात भरायचा रबरासारखा पदार्थ) सरळ तोंडात उघडं. ठोकून बघितलं तर दुखत होतं. दाढेच्या सगळ्या बाजूंनी प्रोब (हिरडीची खोली मोजायची बारीक काडी) फिरवला, 2-3 मिलिमीटरच्या वर कुठे खोल जात नव्हता, म्हणजे मूळ उभं चिरलं असण्याची शक्यता कमी. ते चिरलेलं असतं तर बहुतेक वेळा एकाच जागी अरुंद खोल पॉकेट सापडतं आणि मग विषयच संपतो, दाढ काढावी लागते. पुळीच्या तोंडातून गटा पर्चाचा पॉइंट, म्हणजे बारीक काडी, हळूच आत सरकवून आरव्हीजी (डिजिटल एक्सरे) घेतला. पॉइंट पुढच्या मुळाच्या टोकाशी गेला, तिथे काळी सावली होती, म्हणजे हाडात इन्फेक्शनची खूण. आणि त्याच मुळाच्या खालच्या भागात, गटा पर्चापेक्षा जास्त पांढरी, धारदार कडेची एक बारीक रेघ. साधारण 3 मिलिमीटरची. तुटलेली फाईल.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रूट कॅनल करताना मुळांच्या आतल्या नळ्या साफ करायला आम्ही अगदी बारीक फाईल वापरतो. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात बहुधा दोन नळ्या असतात, अरुंद आणि वाकड्या, आणि फाईल तुटायच्या सगळ्यात जास्त घटना अशाच जागी होतात. वळणात फिरून फिरून धातू थकतो किंवा टोक अडकतं आणि वरून पीळ बसत राहतो. सगळी काळजी घेऊनही तुटू शकते. तुटलेला तुकडा स्वतः काही विष नाही, प्रश्न असतो त्याच्या खाली आणि आजूबाजूला न साफ झालेली घाण किती राहिली याचा. नळी बरीचशी साफ झाल्यावर तुटली आणि मुळाशी आधीपासून इन्फेक्शन नसेल तर तुकडा आत असतानाही दाढ वर्षानुवर्षं चालते.

आता या केसमधे पुळी कशामुळे? दोन उमेदवार. एक तुकडा. दुसरा वरून गळती, म्हणजे उघड्या पडलेल्या गटा पर्चावरून लाळ आणि जंतू कित्येक महिने आत उतरत राहणं. रूट कॅनल कितीही छान झालेली असो, वरचं झाकण गेलं की ती पुन्हा इन्फेक्ट होते हे आम्ही कॉलेजात शिकतो आणि प्रॅक्टिसमधे बघतो. माझा कौल गळतीकडे जास्त होता. पण खात्रीने सांगता येत नव्हतं, आणि जे खात्रीने सांगता येत नाही ते तसंच सांगायचं असतं.

दोन सोप्या वाटा

पहिली वाट, "जुनी रूट कॅनल फेल झालीय ताई, परत करावी लागेल" एवढंच बोलायचं आणि कामाला लागायचं. वाक्य खोटं नाही. पण यात पेशंटला स्वतःच्या दाढेबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट कळतच नाही, आणि उद्या तुकडा नाही निघाला तर तो माझ्या हातून तुटला की आधीचा होता हे तिला कसं कळणार.

दुसरी वाट म्हणजे एक्सरे बघून भुवया वर करायच्या आणि "हे कोणी केलंय हो?" असं विचारायचं. ही वाट मला जास्त खुपते कारण ती फार वापरली जाते. एक शब्दही निंदेचा नाही आणि समोरच्याचं नाव मात्र खलास. पेशंट घरी जाऊन गावभर सांगतो, आणि आपण मनात समजतो की आपण प्रामाणिक वागलो. ज्या दिवशी ती रूट कॅनल झाली त्या दिवशी तोंड किती उघडत होतं, नळी किती वाकडी होती, पेशंट किती हलत होता, यातलं आपल्याला काहीही माहीत नसतं.

नियम काय म्हणतात तेही बघू. डेंटिस्ट्स ॲक्ट 1948 चा. त्याखाली 1976 साली डेंटल कौन्सिलची जी आचारसंहिता आली तिच्यात अशा अर्थाचं कलम होतं की दुसऱ्याचा पेशंट आपल्याकडे आला आणि आधीच्या सदोष ट्रीटमेंटचा त्याला त्रास होतोय असं दिसलं, तर योग्य उपचार लगेच सुरू करावेत, पण कमीत कमी शेरेबाजी करून आणि आधीच्या डॉक्टरवर ठपका येणार नाही अशा पद्धतीने. 2014 मधे आचारसंहिता सुधारून आली, पण आमच्या पिढीच्या आधीच्यांच्या अंगात ते "कमीत कमी बोला" मुरलेलं आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनची संहिता हेच जरा नीट मांडते. पेशंटला त्याच्या तोंडाची आजची स्थिती सांगा, आधीच्या कामाबद्दल अनादराने बोलू नका. मला ही मांडणी वापरायला सोपी वाटते, कारण काय सांगायचं आणि काय टाळायचं हे दोन्ही त्यात वेगवेगळं दिसतं. कमीत कमी शेरेबाजी म्हणजे कमीत कमी माहिती असा अर्थ काढायला जागा राहत नाही.

ताईंशी काय बोलले

खुर्ची सरळ केली, मास्क काढला, आरव्हीजी स्क्रीनवर मोठा करून त्यांना दाखवला. बोलले ते जवळजवळ असं. "ताई, ही तुमची दाढ. पुढच्या मुळात ही रेघ दिसतेय ना, तो धातूचा बारीक तुकडा आहे. मूळ आतून साफ करायच्या फाईलचं टोक. असं कोणाच्याही हातून होऊ शकतं, अगदी माझ्याही. त्या दिवशी काय झालं मला माहीत नाही, मी तिथे नव्हते. दुसरी गोष्ट, वरचं सिमेंट तुटलंय, कॅप नाहीये, त्यामुळे घाण आत जातेय. पुळी मला या दुसऱ्या कारणाने जास्त वाटते, पण नक्की सांगता येणार नाही."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला कोणी सांगितलंच नाही." आणि मग, "डॉक्टरची चूक झाली काय?"

याला "हो" पण नाही आणि "नाही" पण नाही. म्हटलं, तुकडा तुटणं याला मी चूक म्हणणार नाही, तो होणारा प्रकार आहे. तुम्हाला सांगितलं होतं की नाही ते मला माहीत नाही, त्यांना विचारून बघते, पण तुम्ही हो म्हणालात तरच. ही परवानगी मागणं मला महत्त्वाचं वाटतं. दोन डॉक्टर आपापसात पेशंटबद्दल बोलतात तेव्हा माहिती पेशंटची असते, आमची नाही. त्या म्हणाल्या, विचारा.

फोन

दुपारी क्लिनिक आटपून त्या सीनियर डॉक्टरांना, सरांना, फोन केला. ओळख दिली, पेशंट सांगितली, एक्सरे पाठवला. पहिलं वाक्य आलं ते, "तू तिला काय सांगितलंस?" आवाजात धार होती आणि मी त्यांच्या जागी असते तर माझ्याही असती. जे बोलले होते ते शब्दन्‌शब्द सांगितलं. मग ते जरा निवळले, म्हणाले थांब, केस पेपर काढतो.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. केस पेपर होता. फाईल तुटल्याची नोंद होती, कोणती नळी, कोणत्या नंबरची फाईल, शेवटच्या टप्प्यात तुटली, बायपास करायचा (तुकड्याच्या बाजूने खाली जायचा) प्रयत्न केला, जमलं नाही, तुकड्याच्या वरपर्यंत भरून घेतलं, लक्ष ठेवायचं, कॅप लवकर लावायची. इतकी व्यवस्थित नोंद मी फार कमी जणांची बघितलीय. आणि खाली सही होती, "नातेवाईकांना समजावले". सही नवऱ्याची.

म्हणजे लपवलेलं काहीच नव्हतं. सांगितलं होतं, नीट सांगितलं होतं, फक्त जिची दाढ होती ती सोडून.

सर म्हणाले, "अगं तिच्या तोंडात कापूस, अर्धं तोंड बधिर, घाबरलेली. नवरा बाहेर बसला होता, त्याला बोलावून सगळं समजावलं. तोच म्हणाला तिला आत्ता काही सांगू नका." यात मला कुठेही बेपर्वाई दिसली नाही. आपल्याकडे हे असंच चालतं, खुर्चीत बाई, बाहेर बाकड्यावर नवरा, आणि डॉक्टर बाहेर येऊन ज्याच्याकडे पैसे त्याच्याशी बोलतो. गणपतीत चाकरमानी मुलं येतात तेव्हा हेच उलट्या दिशेने होतं, "आईच्या दातांचं काय ते मला फोनवर सांगा, तिला नको, टेन्शन घेते." आई 70 वर्षांची, डोकं शाबूत, बँकेचे व्यवहार स्वतः करते, पण दात काढायचा की ठेवायचा हे मुंबईत ठरतं.

इथे सुप्रीम कोर्टाचा 2008 चा समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा निकाल सगळ्या डेंटिस्टनी वाचावा असं मला मनापासून वाटतं, केस गायनॅकची असली तरी. पेशंट तपासणीच्या लॅपरोस्कोपीसाठी (दुर्बिणीने पोट आतून बघण्यासाठी) भूल दिलेल्या अवस्थेत होती, डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि ओव्हरीज काढल्या. कोर्टाने सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, समजू शकते, जीव वाचवायची तातडी नव्हती, मग आईची संमती चालणार नाही, शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. एका दाढेची आणि त्या ऑपरेशनची बरोबरी मी करत नाहीये. पण तत्त्व तेच लागू होतं. बधिर तोंड दोन-तीन तासांत उतरतं. दुसऱ्या दिवशी फोन करता येतो, पुढच्या अपॉइंटमेंटला एक्सरे दाखवता येतो.

आणि ही नुसती कागदी गोष्ट नाही. कॅप लवकर लावा, नाहीतर दाढ पुन्हा बिघडेल, हेही नवऱ्यालाच सांगितलं गेलं होतं. पुढच्या वेळी तो ताईंबरोबर आला तेव्हा त्याने सरळ सांगितलं, "घाबरली असती हो ती. नि कॅपचं म्हणाल तर सीझन चालू होता, जाळ्याचा खर्च होता, म्हटलं बंदीत बघू. मग बंदीत बोटीचंच काम निघालं, डोक्यातून गेलं." माणूस वाईट नाही, बायकोला जपणाराच आहे. पण दाढ त्याची दुखत नव्हती. दीड वर्ष ज्या बाईने त्या दाढेने जेवण केलं तिला एवढंच माहीत होतं की नस काढली, विषय संपला. तुटलेलं सिमेंट तिला जिभेला लागत होतं, तिने ते मनावर घेतलं नाही कारण मनावर घ्यायला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला माहीत असतं तर ती कॅपला आली असती असं मी म्हणते, कारण माझ्याकडे सांगितल्यावर ती बरोबर आली. पुळी आली ती मला यातून आलेली दिसते.

नवऱ्यासमोरच ताई म्हणाल्या, "दाढ माझी, नि सांगितलं तुम्हाला?" त्यावर तो काही बोलला नाही.

पुढे काय केलं

पर्याय तीन ठेवले. पुन्हा रूट कॅनल आणि तुकड्याच्या बाजूने वाट काढायचा प्रयत्न. मायक्रोस्कोप असलेल्या एंडोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनलच्या तज्ज्ञाकडे) जाऊन तुकडा काढायचा प्रयत्न, त्यासाठी बाहेर जावं लागेल आणि खोलवरचा तुकडा काढताना मूळ आतून झिजतं, हा धोका. किंवा दाढ काढणं. प्रत्येकाचा खर्च, किती फेऱ्या, काय बिघडू शकतं, हे सांगितलं, घरी जाऊन विचार करा म्हटलं. सरांनी स्वतः पुन्हा फुकट करून द्यायची तयारी दाखवली होती, तेही सांगितलं, हातचं काही राखलं नाही. ताईंनी ट्रीटमेंट माझ्याकडे करायची ठरवली पण त्या सरांकडे जाऊन आल्या. ताईंना ते सरांच्या तोंडून ऐकायचं होतं. सरांनी केस पेपर काढून दाखवला आणि "मी तुम्हालाच सांगायला हवं होतं" असं म्हणाले, हे मला ताईंनीच सांगितलं. माझ्या लेखी या सगळ्या केसमधलं सगळ्यात मोठं काम हे होतं आणि ते मी केलेलं नाही. कॅपच्या लॅबचा खर्च सरांनी उचलला.

क्लिनिकल भाग थोडक्यात. रबर डॅम (दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबरी पडदा) लावून जुनं सगळं भरण काढलं. तुकडा असलेल्या नळीत बाजूने अगदी बारीक हातातली फाईल थोडी उतरली पण टोकापर्यंत बायपास झालं नाही, तिथेच थांबले. त्याच मुळातली शेजारची नळी टोकापर्यंत नीट मिळाली, आणि या दोन नळ्या पुष्कळदा खाली एकत्र मिळतात म्हणून तिथून हायपोक्लोराइटने, म्हणजे जंतू मारणाऱ्या द्रावणाने, भरपूर धुतलं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध भरून तीन आठवडे ठेवलं. परत आल्या तेव्हा पुळी बंद झाली होती. जुलैच्या मध्यात भरून घेतलं, कोअर (कॅपखालचा भक्कम भराव) केला, आणि 31 जुलैच्या आत कॅप बसवली. ही तारीख ट्रीटमेंट प्लॅनमधे पहिल्याच दिवशी लिहिली होती.

यावर सहकाऱ्यांशी बोलताना एक आक्षेप नेहमी येतो, की खेड्यात असं सगळं सांगितलं तर भांडणं होतात, कन्झ्युमर कोर्टात जातात. भीती खोटी नाही. 1995 च्या व्ही. पी. शांथा निकालापासून आपण ग्राहक कायद्याखाली आहोतच. पण या केसमधे ताई कुठे गेल्या? आधीच्या डॉक्टरांकडे गेल्या, बोलल्या, परत आल्या. कारण त्यांच्या हातात एक्सरे होता, सरांकडे नोंद होती आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. फरक पडला असता तर काय झालं असतं याचा विचार ज्याने त्याने करावा. आणि हो, समोर खरोखर बेजबाबदार काम असेल, किंवा रजिस्ट्रेशनच नसलेला माणूस रस्त्यावर बसून दातांना ॲक्रिलिक चिकटवत असेल, तर तिथे सहकाऱ्याचा मान वगैरे काही लागू होत नाही, स्टेट डेंटल कौन्सिल त्यासाठीच आहे.

सहा महिन्यांनी, जानेवारीत, ताई अर्ध्या दिवसाचा धंदा सोडून आल्या. ठोकल्यावर दुखत नाही, पुळी नाही, सावली पूर्वीपेक्षा लहान पण आहे. तुकडा तिथेच आहे. पुढचा एक्सरे वर्ष पुरं झाल्यावर, म्हणजे पुढच्या बंदीत, आणि सावली तेव्हाही रेंगाळत असेल तर अजून काही वर्षं लक्ष ठेवायचं, वाढली तर मुळाच्या टोकाच्या सर्जरीचा विचार करायचा. हे त्यांना सांगितलंय, नवरा शेजारी बसला होता, सही त्यांची घेतलीय.